कूलर की एसी : झळ कोणाकडे जाते, याचा हिशेब

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात कवेलूची घरे पाडून स्लॅब टाकण्याची लाट आली, तेव्हा आम्हीही त्या लाटेत होतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटून गेली तरी उष्णता सोडत राहतो, हे पहिल्याच उन्हाळ्यात कळले. त्यानंतरच्या मे महिन्यात वडिलांना ऊन लागले आणि आम्ही मागचा-पुढचा विचार न करता त्यांच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला. जुना लोखंडी कूलर मधल्या खोलीच्या खिडकीत होता, तो तिथेच राहिला. दोन्ही यंत्रे घरात असल्यामुळे आणि दोन्हींबद्दल मनाला थोडी टोचणी असल्यामुळे, निवड करू पाहणाऱ्यांसाठी हा अनुभव मांडतो आहे.

टोचणी कोळशापासून सुरू होते. आमच्या घरातला दिवा कोणत्या केंद्राच्या विजेवर लागतो हे सांगता येत नाही. पण २,९२० मेगावॅटचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र विदर्भातच आहे, आणि त्याच्या परिसरातली राख आणि धूर चंद्रपूरकरांच्याच वाट्याला येतात. कोळशावर एक युनिट वीज तयार व्हायला ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आमच्या मीटरवर रात्रीच्या आठ तासांत एसीने साधारण १० युनिट घेतले, कूलरने जेमतेम २. म्हणजे एसीच्या एका रात्रीसाठी सात किलो कोळसा, जवळजवळ एक घमेलेभर. कूलर इथे सहज जिंकतो आणि या मुद्द्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र कूलरची बाजू घेणाऱ्याने प्रामाणिक राहावे. आमच्या कूलरची १०० लिटरची टाकी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, दिवसातून दोनदा भरावी लागते. ज्या दिवसांत नळ एक दिवसाआड येतो आणि घरची बाई गुंड, म्हणजे हंडे, मोजून पाणी वापरते, त्या दिवसांत कूलरच्या बाजूंना लावलेल्या ताट्यांवरून ओघळणारे पाणी पाहणे फारसे सुखाचे नसते. एसीला पाणी लागत नाही असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. औष्णिक केंद्रही पाणी पिते. चंद्रपूरच्या केंद्राला ते इरई धरणातून मिळते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये जुन्या केंद्रांना युनिटमागे ३.५ लिटरची कमाल मर्यादा घातली. त्या हिशेबाने एसीच्या १० युनिटांमागे ३५ लिटरपर्यंत पाणी दूर कुठेतरी खर्च होते, फक्त ते आपल्याला भरावे लागत नाही. तरीही कूलरचे पाणी जास्तच भरते, हे मान्य करायला हवे. ज्यांच्या गावाला मे महिन्यात टँकर लागतो, त्यांना कूलर घ्या असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

कूलरचे इतर त्रास आपण सगळे जाणतोच : मृग लागून हवेत दमटपणा आला की तो फक्त चिकचिक वाढवतो, ताट्यांवर क्षार चढतात, पाणी साचून राहिले तर डास होतात. लोखंडी टाकीचा शॉक ही मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. अर्थिंग तपासून घ्यावे आणि पाणी भरताना बटण नव्हे, तर प्लगच काढावा. एसीची अडचण वेगळी आहे. संध्याकाळी व्होल्टेज पडले की स्टॅबिलायझर त्याला बंद करतो, आणि वीज गेली की घरगुती इन्व्हर्टरवर तो चालत नाही. आमचा कूलर चालतो.

एवढ्यावरून माझा निर्णय झाला असता, असे मात्र वाटत नाही. तो झाला एका बाजेमुळे.

एसीचे बाहेरचे युनिट मेकॅनिकने मागच्या भिंतीवर, बोळाच्या बाजूला लावले. बोळापलीकडे शेजारच्या काकूंचे अंगण आहे. त्यांच्या घरावर टिनपत्रे आहेत, त्यामुळे उन्हाळाभर त्या अंगणात बाज टाकून निजतात. चौथ्या की पाचव्या रात्री त्यांची बाज नेहमीच्या जागी दिसली नाही. ती गोठ्याजवळ, शेणाच्या वासात आणि डासांत गेली होती. सकाळी विचारले तेव्हा त्या कसलाही राग न दाखवता म्हणाल्या, "झय लागते जी तुमच्या मशीनची, म्हनून बाज तिकडं नेली."

एसी उष्णता नाहीशी करत नाही. खोलीतली उष्णता आणि स्वतः घेतलेल्या विजेची उष्णता, दोन्ही मिळून बाहेर फेकतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण ते बाहेर म्हणजे कोणाच्या तरी उशाशी असते, हे त्या दिवशी कळले. कोळशाचा धूर डोळ्याआड असतो, त्यामुळे त्याची टोचणी दुपारच्या झोपेत विसरता येते. रिकामी झालेली बाजेची जागा रोज खिडकीतून दिसत होती. कूलरची हवाही शेवटी घराबाहेर पडते, कारण समोरचे दार उघडे ठेवल्याशिवाय तो काम करत नाही. पण ती सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, येते तेव्हा बाहेरच्या ४५ अंशांपेक्षा बरीच निवलेली असते, आणि दुपारी दारात टेकलेल्या गड्यालाही तिचा थोडा लाभ होतो.

तेव्हापासून आम्ही मधल्या खोलीत कूलरवर झोपतो. एसी काढून टाकलेला नाही. वडिलांचे वय पाहता नवतपातल्या दुपारी आणि जूनच्या उकाड्यात तो २६ वर लावतो. म्हाताऱ्या माणसाला किंवा हृदयविकार असलेल्याला गारव्याबद्दल अपराधी वाटायला लावणे मला योग्य वाटत नाही. काकू दुपारी घरात असतात, म्हणून तेवढे चालून जाते. ज्यांच्या घरी असे कोणी नाही, विहिरीला किंवा बोअरला बऱ्यापैकी पाणी आहे आणि दार उघडे ठेवता येते, त्यांनी आधी ताट्या बदलून कूलरवर एक उन्हाळा काढून पाहावा, असे सुचवेन. एसी घ्यायचाच असेल तर खरेदीपूर्वी मागच्या भिंतीशी रात्री उभे राहून युनिटचे तोंड कुठे येते ते पाहावे.

आमचे युनिट स्लॅबवर चढवावे, असे घरात ठरले आहे. त्यासाठी तांब्याची नळी लांबवावी लागेल आणि त्याआधी आतला गॅस युनिटमध्ये ओढून बंद करावा लागेल. आर-३२ नावाचा तो गॅस हवेत सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवतो. पहिला मेकॅनिक आला आणि तो सरळ सोडून द्यायला निघाला, म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवले. दुसऱ्याचा शोध चालू आहे.