इस्तंबूलची बोट: आईला घेऊन जाताय तर हिच्यावरच बसा

आईला घेऊन इस्तंबूलला निघालेल्या लेकींसाठी हे लिहिते आहे. मी त्यातली आई. परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. दोन्ही गुडघे दुखतात आणि खाणं शाकाहारी. व्हिसा, विमान, हॉटेल सगळं लेकीनं पुण्यात बसून ठरवलं. तिथं जे जे पाहिलं त्यात एक गोष्ट मला इतकी आवडली की घरी येणाऱ्या प्रत्येकीला सांगत असते: एमिनोन्यूच्या धक्क्यावरून सुटणारी ‘शेहिर हातलारी’ची बोट. ही टूर कंपनीची नाही, तिथल्या महानगरपालिकेची आहे.

गुडघ्यांचं आधी सांगते, कारण आपल्या वयाच्या बाईला पहिला प्रश्न तोच पडतो. इस्तंबूल टेकड्यांवर वसलंय. जुन्या भागात दगडी चढ-उतार संपता संपत नाहीत. हागिया सोफिया पाहायचीच होती. ५३७ मध्ये चर्च म्हणून बांधून झालेली, आता मशीद असलेली इमारत, तिचा घुमट मी मुलांना चित्रात दाखवलेला. परदेशी पाहुण्यांना आता ती वरच्या सज्ज्यातून पाहावी लागते आणि तिथं जायला दगडी चढणीचा वळणावळणाचा रस्ता आहे. लेकीचा हात धरून चढले. घुमटाखाली उभी राहिले तेव्हा डोळे भरून आले, पण खाली आल्यावर उरलेला दिवस पाय शेकण्यात गेला. बोटीवर असलं काही नाही. आपण बसायचं, शहर आपल्यासमोरून जातं.

आम्ही ‘लांब फेरी’ घेतली. सकाळी साडेदहाच्या सुमारास बोट एमिनोन्यूहून सुटते आणि बॉस्फरस सामुद्रधुनीतून वर वर जात, काळ्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या आनादोलू कावाई या गावापर्यंत पोचते. जायला दीड तासाच्या आसपास, मग गावात जेवणाखाण्याला भरपूर वेळ, आणि दुपारी तीच बोट परत. तिकीट धक्क्यावरच्या खिडकीत मिळतं. दर बदलत राहतात, म्हणून आकडा लिहीत नाही. खासगी बोटींच्या मानानं आम्हाला ते फारच कमी वाटलं.

जाताना डाव्या हाताला युरोप, उजव्या हाताला आशिया. हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल! बॉस्फरस सामुद्रधुनी, लांबी सुमारे ३० किलोमीटर, काळा समुद्र आणि मार्मरा समुद्र यांना जोडते; नकाशावर ती बोटानं दाखवायची आणि पुढच्या धड्याकडं वळायचं. इथं त्याच पाण्यातून तेलाची अजस्र जहाजं शेजारून चालली होती. १९३६ च्या माँत्र करारानं शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना इथून मोकळी वाट आहे, ते डोळ्यांनी दिसलं. पाण्याचे प्रवाहही दोन आहेत: वरचा काळ्या समुद्राकडून मार्मराकडं, आणि खाली खोल उलट्या दिशेचा. मी ते लेकीला समजावून सांगायले, तर शेजारच्या बाकावरचं जोडपंही कान देऊन ऐकायला लागलं. ते अकोल्याचे निघाले.

सुरुवातीलाच उजवीकडं पाण्यात एकटा मनोरा दिसतो, ‘कझ कुलेसी’. राजाच्या मुलीला साप चावणार असं भाकीत झालं, म्हणून बापानं तिला पाण्यातल्या मनोऱ्यात ठेवलं. तरी फळांच्या टोपलीतून साप आलाच, अशी तिथली दंतकथा. लेक मोबाईलवर वाचत होती आणि मी मध्येच म्हणाले, “अगं, ही तर परीक्षिताची गोष्ट.” फळातून आलेला तक्षक आम्ही भागवत सप्ताहात दरवर्षी ऐकतो. इतक्या लांब तीच कथा भेटली म्हणून मला फार आनंद झाला.

मग डावीकडं दोल्माबाहचे राजवाडा येतो. १८५६ मध्ये पूर्ण झालेला, पांढरा, पाण्याला अगदी लागून. आधुनिक तुर्कस्तान उभा करणारे अतातुर्क इथंच १० नोव्हेंबर १९३८ ला गेले. मला मात्र दुसरं आठवलं. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद याच राजवाड्यात राहायचे. मार्च १९२४ मध्ये खिलाफत रद्द झाली, घराण्याला देश सोडावा लागला, तेव्हा त्यांची मुलगी दुर्रुशेहवार दहा वर्षांची होती. पुढं १९३१ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात तिचं लग्न निजाम मीर उस्मान अलींच्या थोरल्या मुलाशी, आझम जाह यांच्याशी झालं. आपला सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणजे आपल्या हैदराबाद संस्थानाची थोरली सून या पाण्याकाठची होती. माझे वडील निजामीत उर्दूतून शिकलेले. रझाकारांच्या काळात त्यांनी घरदार सोडून रात्री काढल्या, निजामाच्या राज्याबद्दल कधी चांगलं बोलले नाहीत, पण या सुनेचं नाव आदरानं घ्यायचे. तिच्या नावाचं हॉस्पिटल हैदराबादेत आजही आहे. लेकीनं शाळेत मुक्तिसंग्रामाचा धडा वाचलेला, दुर्रुशेहवार हे नाव मात्र तिनं पहिल्यांदा त्या बोटीवर ऐकलं. नंतर हॉटेलवर रात्री उशिरापर्यंत तिच्याबद्दल शोधून शोधून वाचत बसली होती.

बोटीबद्दल बोलायचं राहिलं. बाक आत आहेत, बाहेर कठड्याला लागूनही आहेत. बाहेर बसा, पण कानाला काहीतरी बांधा, वारा बोचतो. चिमणीवर एकमेकांवर तिरपे दोन नांगर रंगवलेले असतात, ती खूण बघून चढा. या फेऱ्यांची परंपरा १८५१ पासूनची, असं कंपनीच सांगते. काचेच्या छोट्या पेल्यात कोरा चहा मिळतो, दूध नाही. पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना; साखरेचे दोन खडे टाकून प्यायला लागले आणि मग दूध आठवलं नाही. तिळाचं कडं, सिमित म्हणतात, ते घ्या. लोक त्याचे तुकडे उडवतात आणि सीगल हवेतच पकडतात.

रुमेली हिसार हा किल्ला मात्र डोळे मिटून घालवू नका. १४५२ मध्ये तुर्कांचा सुलतान दुसऱ्या मेहमेदनं तो बांधला, सामुद्रधुनी जिथं सगळ्यात अरुंद आहे, जेमतेम ७०० मीटर, तिथंच. आणि पुढच्याच वर्षी शहर घेतलं. देवगिरीचा खंदक पाहिलेल्या माणसाला जागा निवडणाऱ्याची नजर लगेच कळते.

त्यानंतर कान्लिजा. इथलं दही प्रसिद्ध आहे, वर पिठीसाखर घालून खातात. लेकीनं तसंच खाल्लं. मी पिशवीतले ज्वारीचे धपाटे काढले. दही असं घट्ट, घरच्या म्हशीच्या दुधाला चुलीवर आटवून विरजल्यासारखं. धपाट्याबरोबर खाल्लं आणि पोट भरलं, मन भरलं. शाकाहारी माणसानं घाबरू नये. दही, सिमित, भाजलेली कणसं, बटाट्याचं किंवा पालकाचं गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी), एवढ्यावर सहज भागतं. मसुराचं सूप घेताना मात्र मटणाच्या रश्शात शिजवलंय का, ते विचारून घ्यावं.

आनादोलू कावाईला उतरल्यावर सगळे वर योरोस किल्ल्याकडं निघतात. चढ उभा आहे. मी गेले नाही, धक्क्याजवळ बसून राहिले. लेक वर जाऊन आली आणि तिनं फोटोत बॉस्फरसवरचा २०१६ चा तिसरा पूल आणि त्यापलीकडचा काळा समुद्र दाखवला. हॉटेलवाले हाका मारून आत बोलावतात; आधी दरपत्रक बघावं, मगच बसावं.

एका संध्याकाळी खासगी डिनर क्रूझही घेतली होती. पैसे भरपूर, काचा बंद, गाणी इतकी मोठ्यानं की लेक शेजारी बसूनही ऐकू येईना, आणि दुसऱ्या पुलाजवळून बोट माघारी. शहर काही दिसलं नाही. त्याच पैशात लांब फेरी कितीदा तरी झाली असती.

लांब फेरीला वेळ नसेल तर संध्याकाळी एमिनोन्यूहून उस्कुदारला किंवा कादिकॉयला जाणारी साधी बोट घ्या. वीसेक मिनिटांत दुसऱ्या खंडात, तेही तिथल्या नोकरदार माणसांबरोबर. इस्तंबूलकार्ट नावाचं कार्ड ट्रामला, मेट्रोला आणि या बोटीला चालतं. एकाच कार्डावर दोघींचं भाडं भरता येतं. चढताना धक्का आणि बोट यांच्यामधल्या फटीकडं लक्ष ठेवा, आईचा हात सोडू नका. लांब फेरीच्या वेळा हिवाळ्यात बदलतात, म्हणून आदल्या दिवशी खिडकीवर विचारून ठेवा, आणि कठड्यालगतचा बाक हवा असेल तर अर्धा तास आधी जा.