थ्रीडी बॅग: एका देशाच्या इमारतींचे मोफत डिजिटल जुळे

'डिजिटल ट्विन', म्हणजे खऱ्या शहराची संगणकातली प्रतिकृती, म्हटले की बहुतेक शहरे एक चकचकीत चित्रफीत पुढे करतात: काचेचे मनोरे, हिरवी गच्ची आणि वरून घिरट्या घालणारा कॅमेरा. नेदरलँड्सची 'थ्रीडी बॅग' ही सेवा उघडल्यावर असे काही दिसत नाही. नकाशावर साधे ठोकळे उभे राहतात. त्यांना दारे नाहीत, खिडक्या नाहीत. तरीही नगररचनेच्या कामासाठी मी हाताळलेल्या त्रिमितीय प्रारूपांत मला हेच सर्वांत उपयोगी वाटले, आणि त्याचे कारण इमारतीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या तक्त्यात आहे.

नावातल्या 'बॅग'चा पिशवीशी काही संबंध नाही. पत्ते आणि इमारती यांच्या डच राष्ट्रीय नोंदवहीची ती आद्याक्षरे आहेत. नगरपालिकांनी त्या नोंदवहीत भरलेली इमारतीची सीमारेषा घ्यायची, विमानातून लेसरने केलेल्या देशव्यापी उंचीमोजणीचे बिंदू तिच्यावर बसवायचे आणि त्यांतून भिंती व छप्पर संगणकाकडून उभे करून घ्यायचे, ही पद्धत डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील त्रिमितीय भूमाहितीवर काम करणाऱ्या गटाने विकसित केली. अशा सुमारे १ कोटी इमारती येथे आहेत. नकाशावरचा हवा तो चौकोनी तुकडा निवडून कोणालाही तो विनामूल्य उतरवून घेता येतो; श्रेय दिले की व्यावसायिक वापरालाही आडकाठी नाही.

एकच इमारत तीन पातळ्यांच्या तपशिलात मिळते, ही सोय वरवर किरकोळ वाटते. प्रत्यक्षात बराच वेळ वाचतो तो तिच्यामुळेच. डच शहरांतले रांगेतले एखादे घर घ्या: पुढे उतरते कौलारू छप्पर, मागे स्वयंपाकघराची बसकी वाढीव खोली. १.२ या पातळीवर दोन्ही मिळून एकाच उंचीचा ठोकळा होतो. १.३ वर मागची खोली वेगळी, ठेंगणी होते, कारण तीन मीटरपेक्षा मोठा उंचीतला फरक तेथे पाळला जातो. २.२ वर छपराचा उतारही येतो. रस्त्याचा आवाज कुठवर पोहोचेल हे काढायला मधली पातळी पुरते. सौरपट्ट्यांसाठी मात्र उतार आणि त्याची दिशा लागतेच, म्हणून तिथे शेवटची.

तक्त्यात बांधकामाचे वर्ष, घनफळ, सपाट व उतरत्या छपराचे क्षेत्रफळ यांबरोबर बाहेरच्या भिंतींचे आणि शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतींचे क्षेत्रफळ वेगवेगळे दिलेले असते. घर गरम ठेवायला किती ऊर्जा लागेल याचा अंदाज बांधणाऱ्याला या एका विभागणीचे मोल कळेल, कारण सामाईक भिंतीतून उष्णता फारशी बाहेर जात नाही. उंची कोणत्या वर्षीच्या मोजणीवरून घेतली आणि उभारलेला आकार मूळ बिंदूंपासून सरासरी किती ढळतो, हेही तिथेच नोंदलेले आहे. स्वतःची चूक स्वतःच मोजून सांगणारी सेवा विरळाच.

समन्वयाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक ठोकळ्याला असलेला नोंदवहीतला अधिकृत क्रमांक. ऊर्जा, पाणी, आवाज, वारा अशी प्रत्येक खात्याची वेगळी जुळी असली, तरी हा क्रमांक सगळीकडे तोच राहिला तर ती एकमेकांना जोडता येतात. आपल्याकडे सिटी सर्व्हे क्रमांक, मालमत्ता कराचा क्रमांक आणि महारेराचा प्रकल्प क्रमांक जुळवत बसलेल्या कोणालाही याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पुढची मोजणी होईपर्यंत नव्या इमारतीला भरवशाची उंची मिळत नाही, आणि केवळ आराखड्यात असलेल्या इमारती तर येथे येतच नाहीत. त्यामुळे बांधकामाचे नियोजन करणाऱ्याला वास्तुरचनाकाराचे प्रारूप स्वतःच या प्रारूपात बसवावे लागते. भिंती सीमारेषेवरून सरळ उभ्या केलेल्या असल्यामुळे बाहेर झुकलेल्या मजल्याखालची मोकळी जागा बुजते. तळघरे नाहीत, झाडेही नाहीत. सावलीचा किंवा उन्हाळ्यातल्या तापमानाचा अभ्यास करायचा तर झाडांची माहिती दुसरीकडून आणावी लागते.

माझी पाचपैकी चार चांदण्यांची शिफारस आहे. पहिल्यांदा वापरणाऱ्याने एकच तुकडा उतरवावा आणि उंचीच्या आकड्यांना हात लावण्याआधी जमिनीची पातळी पाहावी. सर्व उंच्या डच समुद्रसपाटीच्या मानकावरून मोजलेल्या आहेत, आणि रॉटरडॅमच्या प्रिन्स अलेक्झांडर भागात जमीनच त्या मानकाच्या सुमारे सहा मीटर खाली आहे. तिथे छपराची उंची ३ मीटर दिसली, तर ते घर जमिनीपासून ९ मीटर उंच असते. ही वजाबाकी मी पहिल्या दिवशी विसरलो आणि अख्खी वस्ती मला बैठी वाटली.