बॅट तळपतेय, पण चार दिवसांचं चांदणं तर नाही? ‘बेसबॉल सॅव्हंट’ची पारख

एखादा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा ट्रिपल-एमधून (मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरून) वर येतो, पंधरा दिवसांत सात-आठ होम रन (आपल्या षटकारासारखे कुंपणापलीकडचे फटके) ठोकतो आणि सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: हे टिकणार का? याचं उत्तर शोधायला आज सर्वांत कामाचं साधन म्हणजे मेजर लीग बेसबॉलचं स्वतःचं संकेतस्थळ, ‘बेसबॉल सॅव्हंट’. वर्गणी नाही, खातं उघडायची गरज नाही. २०१५ पासून तीसही संघांच्या मैदानांवर स्टॅटकास्टने (चेंडू-बॅटची हालचाल मोजणाऱ्या यंत्रणेने) टिपलेली माहिती इथे आहे. २०२० पासून हे काम हॉक-आयचे कॅमेरे करतात, म्हणजे एलबीडब्ल्यूच्या रिव्ह्यूमुळे आपल्याकडे घरोघरी पोचलेलं तेच तंत्र. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात भारतात पहाटे साडेचारला सुरू होतो. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला सकाळच्या चहासोबत ताजा हिशेब बघता येतो.

पण खेळाडूचं पान उघडल्यावर जे आधी डोळ्यांत भरतं, ते या कामासाठी सर्वांत कमी उपयोगाचं. लाल-निळ्या वर्तुळांची ती पर्सेंटाइलची पट्टी. लाल म्हणजे लीगमध्ये वरचा, निळा म्हणजे खालचा. चाळीस चेंडूंवरचं लाल आणि चारशे चेंडूंवरचं लाल दिसायला सारखंच. नवख्या खेळाडूच्या बाबतीत सगळा घोळ इथेच होतो. पट्टी सोडा, खाली तक्त्यांकडे जा.

त्याआधी कागदावर एक छोटा हिशेब करा. समजा, पोरगा ६० वेळा प्लेटवर (फलंदाजीच्या जागी) आला; अशा प्रत्येक खेपेला पीए म्हणतात. ७ वॉक (चार खराब चेंडू सोडून फुकट मिळालेला पहिला बेस), १ सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही धाव देणारा फटका), हे वगळून उरले ५२ अ‍ॅट-बॅट. त्यात २२ हिट (बेसवर सुखरूप पोचवणारे फटके), पैकी ५ होम रन, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकनी बाद) १६. बावीस भागिले बावन्न, सरासरी .४२३, म्हणजे डोळे दिपवणारी. आता मैदानात खेळत्या राहिलेल्या चेंडूंचं काय झालं ते काढा: हिटमधून होम रन वजा केले की १७, अ‍ॅट-बॅटमधून स्ट्राइकआउट आणि होम रन वजा करून सॅक्रिफाइस फ्लाय मिळवला की ३२. सतरा भागिले बत्तीस, .५३१. यालाच बॅबिप म्हणतात आणि लीगमध्ये तो .३०० च्या आसपास असतो. त्याच ३२ चेंडूंवर सर्वसाधारण नशीब लावलं तर दहा हिट पडतील, होम रन धरून पंधरा, आणि सरासरी .२८८. खेळाडू तोच, बॅट तीच. चांगला पळणारा, लाइन ड्राइव्ह (सपाट, जोरदार फटके) मारणारा बॅटर .३४०-.३५० पर्यंत टिकू शकतो; .५३१ कुणालाच टिकवता येत नाही.

नशीब बाजूला काढायचं हेच काम सॅव्हंट जास्त बारकाईने करतं, तोच आपला पहिला मुक्काम. चेंडू बॅटवरून किती वेगाने (एक्झिट व्हेलॉसिटी) आणि कोणत्या कोनात सुटला, तशा चेंडूंचं एरवी काय होतं, यावरून अपेक्षित सरासरी (एक्सबीए) आणि अपेक्षित वोबा (एक्सवोबा) निघतात; वोबा म्हणजे वॉकपासून होम रनपर्यंत प्रत्येकाला त्याच्या मोलाप्रमाणे वजन देणारा एकत्रित आकडा. ताशी ९५ मैल किंवा त्याहून जास्त वेगाने सुटलेला चेंडू ‘हार्ड-हिट’. ९८ मैल आणि २६ ते ३० अंशांचा कोन जुळला की ‘बॅरल’. वेग वाढेल तशी कोनाची मर्यादा सैल होते. यात आमचा सर्वाधिक भरवसा चेंडू सुटण्याच्या कमाल वेगावर. ११४ मैलांचा फटका एकदा जरी बसला तरी ती ताकद अंगात आहे हे सिद्ध होतं, असा फटका नशिबाने लागत नाही. २०२४ पासून बॅटचा वेगही मिळतो: सरासरी साधारण ७२ मैल, ७५ किंवा त्याहून वर गेलेला स्विंग ‘फास्ट’. हा आकडा फार थोड्या स्विंगमध्ये स्थिरावतो, म्हणून पंधरा दिवसांच्या खेळाडूसाठी तो सोन्यासारखा.

ताकद असणं आणि टिकणं यांत मात्र अंतर आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात दोन नवखे बॅटर एकाच वेळी गाजले, ते शेजारी ठेवून पाहावेत. सिनसिनाटीचा अरिस्टिडेस अकिनो, वय २५. ऑगस्टमध्ये १४ होम रन, नॅशनल लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) नवोदिताचा एका महिन्याचा विक्रम. सप्टेंबरमध्ये सरासरी .१९६. पुढच्या तीन मोसमांत ती एकदाही .२०० ला पोचली नाही आणि २०२३ मध्ये तो जपानच्या चुनिची ड्रॅगन्सकडे गेला. दुसरा ह्यूस्टनचा योर्डान अल्वारेझ, वय २२. ८७ सामन्यांत २७ होम रन, सरासरी .३१३. त्याची बॅट पुढेही चालूच राहिली. २०२२ मध्ये ३७ होम रन आणि विश्वविजेतेपद.

स्ट्राइकआउट बघून हा फरक कळला असता का? नाही. २०१९ मध्ये अकिनोचे २२५ पीएमध्ये ६०, अल्वारेझचे ३६९ मध्ये ९४. दोघेही चारात एकदा बाद. फरक वॉकमध्ये होता: अकिनो १६, अल्वारेझ ५२. टक्क्यांत दुप्पट. झोनबाहेरचा (स्ट्राइक धरल्या जाणाऱ्या चौकटीबाहेरचा) चेंडू जो सोडतो, त्याला पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) शेवटी झोनमध्ये टाकावंच लागतं. जो सोडत नाही, त्याला झोनमध्ये टाकायची गरजच उरत नाही. शिवाय त्या वर्षी चेंडू हवेत कमी अडत होता, लीगमध्ये विक्रमी ६,७७६ होम रन झाले, ट्रिपल-एमध्येही तोच चेंडू वापरात होता आणि सिनसिनाटीचं मैदान होम रनला सढळ. म्हणजे अकिनोच्या ट्रिपल-एच्या ७८ सामन्यांतल्या २८ होम रननाही थोडी काट मारूनच वाचायला हवं होतं.

म्हणून सॅव्हंटवर दुसरा मुक्काम ‘चेस’ (झोनबाहेरच्या चेंडूंवर बॅट फिरवण्याचं प्रमाण) आणि ‘व्हिफ’ (फिरवलेली बॅट हुकण्याचं प्रमाण) या रकान्यांवर. ढोबळमानाने स्ट्राइकआउटचं प्रमाण ६० पीएनंतर आणि वॉकचं १२० पीएनंतर काही सांगू लागतं. बॅबिपला मात्र आठशेहून अधिक चेंडू लागतात, म्हणजे दोन मोसमांचा ऐवज. ट्रिपल-एचा स्टॅटकास्ट २०२३ पासून इथेच मिळतो, तेव्हा वर आल्यावर चेस वाढला की तोच राहिला, हे लगेच ताडता येतं.

तिसरा मुक्काम ‘पिच ट्रॅकिंग’चा तक्ता, आणि आमच्या मते या साइटचा खरा कस इथे लागतो. फास्टबॉल (वेगवान), ब्रेकिंग (वळणारे) आणि ऑफस्पीड (फसव्या कमी वेगाचे) अशी चेंडूंची विभागणी, प्रत्येकासमोर टक्केवारी, एक्सबीए आणि व्हिफ. पहिल्या आठवड्यात पोराला ५८ टक्के फास्टबॉल मिळत होते आणि चौथ्या आठवड्यात ४४, तर समजा की पिचर मंडळींनी घरचा अभ्यास केला आहे. आठवड्यानुसार आकडे हवे असतील तर ‘स्टॅटकास्ट सर्च’मध्ये खेळाडूचं नाव, तारखांची मर्यादा आणि पिचचा प्रकार निवडावा लागतो. हे पान गर्दीचं आहे, मोबाइलवर हाल होतात, लॅपटॉपच घ्या.

एक्सवोबाचा सरकत्या सरासरीचा आलेखही जरूर पाहा. ५०, १०० आणि २५० पीएचे पर्याय आहेत. ५० चा आलेख डोंगर-दऱ्या दाखवतो आणि फसवतो. १०० चा ठेवा.

एक उणीव मात्र गंभीर आहे. अपेक्षित आकडे चेंडू डावीकडे गेला की उजवीकडे, हे धरत नाहीत. इसाक परेडेसने २०२३ मध्ये टँपा बेसाठी ३१ होम रन मारले, तेही लीगच्या सरासरीपेक्षा कमी एक्झिट व्हेलॉसिटीने. उंच चेंडू ओढून डाव्या फाउल पोलजवळ (मैदानाच्या कडेच्या खांबाजवळ), जिथे कुंपण जवळ असतं, तिथे टाकायचं त्याचं कसब एक्सवोबाला दिसतच नाही. त्यामुळे एक्सवोबा कमी दिसला की लगेच ‘नशीबवान’ म्हणून मोकळं होऊ नका. आधी स्प्रे चार्ट (फटके मैदानात कुठे गेले याचा नकाशा) उघडा आणि होम रन एकाच कोपऱ्यात गोळा झालेत का ते बघा. बॅबिप सॅव्हंटच्या मुख्य तक्त्यांत शोधत बसण्यापेक्षा फॅनग्राफ्सवर पटकन मिळतो, तेव्हा दोन्ही साइट शेजारी उघड्या ठेवणं सोयीचं.

आमचे गुण: पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या लाल-निळ्या पट्टीपायी कापलेला. ठाम मत बनवायला पहिले १२० पीए थांबा. २०२३ पासून आपल्या डिव्हिजनमधल्या (गटातल्या) प्रत्येक संघाशी मोसमात १३ सामने असतात, त्यामुळे तेच पिचर पुन्हा समोर येतात. त्या दुसऱ्या फेरीनंतर चेसचा रकाना पुन्हा उघडा.