ढगाआडचं सोयाबीन: कॅमेरा की रडार?

मराठवाड्यात पाऊस पडो न पडो, जुलै-ऑगस्टचं आभाळ झाकलेलंच असतं. सोयाबीन नेमकं तेव्हाच वाढतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा कॅमेरा प्रकाश १३ पट्ट्यांत टिपतो. त्यातला चौथा (लाल) आणि आठवा (अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा) १० मीटर तपशिलाचे, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा. आठव्यातून चौथा वजा करून दोघांच्या बेरजेने भागलं की पिकाचा हिरवेपणा कळतो. दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी येतात खरे, पण ढग असला की फेरी वाया. विरळ ढग तर जास्तच फसवतो: आकडा मिळतो, पण कमी, आणि हिरवंगार शेत सुकलेलं दिसतं. म्हणून ढग आणि त्यांच्या सावल्या आधी गाळाव्यात.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार हा नासा-इस्रोचा रडार उपग्रह स्वतःच रेडिओ लहरी सोडतो, त्यामुळे ढग आणि रात्र आड येत नाहीत. फेरी १२ दिवसांची. त्याची २४ सेंटिमीटरची एल-बँड लहर पानांतून खाली उतरते, म्हणून काळ्या मातीतली ओलही कळते. किंमत मोजावी लागते ती वजनाची, विजेची आणि १२ मीटर व्यासाच्या अँटेनाची. चित्रात दाणेदार गोंगाट असतो. तो घालवायला शेजारचे ठिपके सरासरीत घेतले की एकरभराच्या तुकड्याचा बांध पुसला जातो. वाऱ्याने नाथसागरावर लाटा उठल्या तर पाणी जमिनीसारखं उजळ दिसू शकतं.

खरिपात रडारच धरावं. रब्बी ज्वारीला, आभाळ मोकळं असताना, कॅमेरा पुरतो.