ओबी डंपवर लागवड: शेतमातीची तपासणी पुरे, की खाणमातीची वेगळी हवी?

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातील खुल्या कोळसा खाणींच्या ओबी (ओव्हरबर्डन) डंपवर, म्हणजे कोळशावरची माती-खडक काढून रचलेल्या ढिगाऱ्यांवर, झाडे लावण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना पावसाळ्यापूर्वी हा निर्णय घ्यावाच लागतो.

मृदा आरोग्य पत्रिकेसाठी होणाऱ्या तपासणीत सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असे 12 घटक मोजले जातात. ती सहज होते, आणि खाणकामाआधी काढून ठेवलेली काळी माती डंपवर जाड थरात पसरली असेल, तर खतांचे प्रमाण ठरवायला ती उपयोगी पडते.

उघड्या डंपवर मात्र हाच अहवाल फसवा ठरतो. प्रयोगशाळेत नमुना 2 मिमीच्या चाळणीतून गाळतात. वाळूचा खडक आणि शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला थरांचा खडक) यांचे तुकडे चाळणीवरच राहतात आणि खाली पडलेल्या मूठभर बारीक मातीचे आकडे साऱ्या ढिगाऱ्याचे म्हणून वाचले जातात. सेंद्रिय कर्बाचे तर विशेष जपावे लागते, कारण नेहमीच्या डायक्रोमेट पद्धतीत कोळशाची भुकटीही काही अंशी कर्ब म्हणून मोजली जाते, आणि ज्या मातीत ह्यूमस (कुजलेला सेंद्रिय अंश) जवळपास नाही ती कागदावर सुपीक दिसते.

खाणमातीच्या तपासणीत म्हणूनच आधी दगडांचे वजनी प्रमाण, जागेवरची घनता आणि पाणी मुरण्याचा वेग पाहतात. डंपरच्या चाकांखाली दबलेल्या सपाट माथ्यावर घनता दर घन सेंमीला 1.7 ग्रॅमच्या आसपास गेली, तर खते कितीही घातली तरी मुळे खाली उतरत नाहीत. तिथे आधी खोल नांगरटच हवी. दुसरा प्रश्न पायराइटचा, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचा. आज सामू 7 असलेला शेल हवा-पाणी लागून पुढे आम्लधर्मी होऊ शकतो, आणि साध्या सामूमापनात ते कळत नाही. नमुन्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, उकळून, थंड झाल्यावर सामू मोजला आणि तो 4.5 च्या खाली आला, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

नमुने घेण्याची रीतही वेगळी ठेवावी. शेतात अनेक खड्ड्यांची माती एकत्र करणे योग्यच, पण डंपवर दहा पावलांवर काळी माती संपून राखाडी शेल लागतो. दोन्ही मिसळले की जो सरासरी आकडा येतो, तशी माती तिथे कुठेच नसते. रंग आणि उतार पाहून नमुने वेगळेच घ्यावेत.

माझे मत स्पष्ट आहे: काळ्या मातीचा थर दोन फुटांहून जास्त असेल तर शेतमातीची तपासणी घ्यावी, थर पातळ असेल किंवा नसेलच, तर खाणमातीच्या तपासणीचा खर्च टाळू नये. निधी खरोखरच अपुरा असल्यास निदान दगडांचे प्रमाण, घनता आणि पेरॉक्साइड चाचणी एवढे तरी करून घ्यावे, आणि रोपांची मागणी नोंदवण्यापूर्वी डंपचीच माती कुंड्यांत भरून त्यात मूग आणि करंज उगवून पाहावेत.