कॅबरेच्या तिकिटाची पावती कोणी मागत नाही

वरुड, मोर्शी आणि शेजारच्या तालुक्यांमधून युरोपच्या सहलीला जाणारे आता नवलाचे राहिलेले नाहीत. निवृत्त शिक्षक, पेन्शनर, शेती मक्त्याने देऊन मोकळे झालेले संत्रा बागायतदार, मुले पुण्या-बंगळुरूला नोकरीत असलेली जोडपी, असे लोक गट करून जातात. या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत पॅरिसच्या मुक्कामापुढे ‘ऐच्छिक’ म्हणून एक ओळ हमखास असते : सायंकाळी बसमधून शहरदर्शन आणि त्यानंतर कॅबरे. आमच्या गटाची फसवणूक या एका ओळीत झाली. बाकीची सहल ठरल्याप्रमाणे पार पडली, हॉटेले बरी होती, जेवण वेळेवर मिळाले आणि स्वित्झर्लंडचा बर्फही पाहून झाला. हे आधीच नमूद करतो, कारण ‘एवढी मोठी सहल नीट करून आणली, एका संध्याकाळीसाठी कायले बोंबलता’ हाच आमच्या एजंटचा आजवरचा मुख्य बचाव आहे.

एजंट जिल्ह्याच्या ठिकाणचा, पण त्याचे नातेवाईक आमच्याच भागातले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. मुख्य पॅकेजचे पैसे त्याने बँकेतून घेतले आणि जीएसटीसह पावती दिली. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंटला ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, वसूल करून सरकारजमा करावा लागतो. आमच्या वेळी सात लाखांपर्यंतच्या रकमेवर तो पाच टक्के होता, आणि तो प्रत्येकाच्या पॅनवर, आयकर खात्याच्या कर-नोंदीत (फॉर्म २६एएस), व्यवस्थित जमा झालेला दिसतो. पॅरिसच्या संध्याकाळीचे माणशी १७,००० रुपये मात्र त्याने वेगळे आणि रोख मागितले. वेळही त्याने अचूक साधली होती. जानेवारी महिना होता, संत्र्याच्या आंबिया बहाराचा चुकारा लोकांच्या हाती आलेला होता. तिकडच्या थिएटरला युरोमध्ये रोखच द्यावे लागतात, असे त्याचे सांगणे होते. मी अनेक वर्षे सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव म्हणून काम केले असल्यामुळे कागदाशिवाय पैसे देण्याची मला सवय नाही. मी पावतीचा आग्रह धरला, तेव्हा त्याने वहीचे पान फाडून त्यावर ‘पॅरिस नाइट + शो, २ जण, ३४,०००’ असे लिहून सही केली. इतरांना तेवढेही मिळाले नाही. सर्वांकडे असलेला दुसरा पुरावा म्हणजे त्याने व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेला संदेश : लाल पवनचक्कीचे चित्र, खाली ‘मुलाँ रूज, दिव्यांचे पॅरिस, एक तास बोट, सायंकाळी ६ ते मध्यरात्र’.

ज्या जागेचे चित्र दाखवून पैसे घेतले गेले, तिची थोडी माहिती आवश्यक आहे, कारण फसवणूक ओळखण्याच्या खुणा त्या माहितीतच आहेत. मुलाँ रूज हे थिएटर पॅरिसच्या प्लास ब्लांश या चौकात, बुलव्हार द क्लिशी या रस्त्यावर आहे. आयफेल टॉवर ज्या वर्षी खुला झाला, त्याच १८८९ साली ६ ऑक्टोबरला ते सुरू झाले. तेथे रात्री दोन खेळ होतात, पहिला नऊला. ज्यांनी जेवणासह तिकीट घेतले आहे, त्यांना सातच्या सुमारास आत घेतात. खेळ साधारण पावणेदोन तासांचा असतो. आरक्षणावर तारीख, खेळाची वेळ आणि तिकिटाचा प्रकार लिहिलेला असतो. खेळ चालू असताना छायाचित्रणाला पूर्ण मनाई असते. पिसांचे मुकुट, कॅनकॅन नृत्य आणि काही प्रवेशांत नर्तकींची उघडी छाती, असे त्या कार्यक्रमाचे स्वरूप आहे. आमच्यातील स्त्रियांना मात्र एजंटने ‘आपल्या लावणीसारखा सांस्कृतिक कार्यक्रम’ एवढेच सांगितले होते.

आम्ही गेलो तो जून २०२४. ऑलिंपिक तोंडावर आलेले होते, आयफेल टॉवरवर पाच कडी नुकतीच चढवलेली होती आणि मुख्य चौकांभोवती प्रेक्षागृहांचे बांधकाम सुरू असल्यामुळे बस बराच वेळ वळसे घेत राहिली. सकाळी आठपासून त्याच बसने शहर दाखवले होते आणि सायंकाळी सहा वाजता त्याच बसने, त्याच चालकाने, ‘दिव्यांचे पॅरिस’ दाखवायला सुरुवात केली. जूनच्या मध्यावर पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आयफेल टॉवरवरचे वीस हजार दिवे अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे लुकलुकतात, म्हणजे त्या दिवसांत दहा वाजून गेल्याशिवाय ते दिसूच शकत नाहीत. आम्ही उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून दिव्यांचे शहर पाहिले. बोटीची वेळ आली तेव्हा टूर मॅनेजरने सर्वांना एका पुलावर उभे केले, खालून जाणाऱ्या बोटी दाखवल्या आणि चालकाचे तास संपत आल्याचे सांगितले.

चालकाच्या तासांची ही सबब खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती नीट समजून घेतली पाहिजे. युरोपात बसचालकाने दिवसात साधारण नऊ तासांपेक्षा जास्त बस चालवू नये आणि त्याला रोज अकरा तासांची विश्रांती मिळावी, असा नियम आहे. ती विश्रांती काही दिवशी नऊ तासांपर्यंत कमी करता येते, पण त्याहून कमी नाही. सकाळी आठला कामावर आलेला चालक नऊचा खेळ संपेपर्यंत थांबून प्रवाशांना शहराबाहेरच्या हॉटेलवर नेऊन सोडू शकत नाही. ते करायचे तर दुसरी बस किंवा दुसरा चालक लागतो आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. एजंटने ते पैसे आमच्याकडून घेतले होते, खर्च केले नव्हते. कार्यक्रमपत्रिकेत सकाळी आठ आणि मध्यरात्र एकाच बसवर लिहिलेली दिसली की ती संध्याकाळ कापली जाणार, हे सहल निघण्यापूर्वीच सांगता येते.

आठच्या सुमारास बस प्लास ब्लांशच्या जवळून गेली, थांबली नाही, आणि पुढे पिगाल या भागाच्या बाजूला एका गल्लीच्या तोंडाशी आम्हाला उतरवण्यात आले. टूर मॅनेजरने आत जाण्यापूर्वी सर्वांचे मोबाइल बंद करून घेतले. छायाचित्रणाला मनाई आहे, असे त्याचे कारण होते. खऱ्या थिएटरचा खरा नियम त्याने या दिवाणखान्याएवढ्या जागेसाठी वापरला, त्यामुळे आमच्याकडे आतला एकही फोटो नाही. भिंतीला तांबडा मखमली कपडा होता आणि त्याची खालची कड ओलीने काळी पडलेली होती. चौघांना एक गोल टेबल, त्यावर आधीच ठेवलेली एक उघडी बाटली, चार पेले आणि खारवलेल्या शेंगदाण्यांची वाटी. समोरच्या उंचवट्यावर चार बाया ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाचल्या, मधूनमधून आत गेल्या, दुसरे कपडे घालून आल्या. तासाभरात सगळे आटोपले. आमच्या टेबलावर कोणीही बाटलीला हात लावला नव्हता, कारण चौघेही माळकरी. तरीही उठताना प्रत्येक टेबलावर स्टीलच्या ताटलीत घडी केलेला कागद आला, त्यावर हाताने लिहिलेले २४० युरो. त्या वेळच्या दराने साधारण साडेएकवीस हजार रुपये. दारात एक धिप्पाड मनुष्य आडवा उभा राहिला आणि टूर मॅनेजर बाहेर बसपाशी होता.

तिकिटात सर्व समाविष्ट आहे, हे आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. तो मनुष्य फक्त कार्डाचे यंत्र पुढे करीत राहिला. एका काकूंना घाम फुटला, त्यांच्या यजमानांना मधुमेह आहे आणि त्यांची गोळीची वेळ टळून गेली होती. शेवटी टेबलाटेबलाने परकी चलनाच्या (फॉरेक्स) कार्डावरून पैसे दिले गेले. फ्रान्समध्ये बार आणि उपाहारगृहांना दरपत्रक बाहेरून दिसेल असे लावावे लागते आणि अडचणीत कोणत्याही फोनवरून ११२ हा क्रमांक फिरवता येतो, ही माहिती त्या खोलीत आमच्यापैकी कोणाजवळ असती तर पुढचा प्रकार वेगळा झाला असता. त्या जागेवर बाहेर कोणतेही दरपत्रक नव्हते. आम्ही हॉटेलवर पोहोचलो तेव्हा खिडकीबाहेर अजून उजेड होता.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी त्याच हॉटेलात उतरलेल्या पश्चिम महाराष्ट्रातील एका गटाने आपली आरक्षणे दाखवली : तारीख, नऊचा खेळ, बोटीचे वेगळे तिकीट. ते रात्री साडेबाराला परतले होते, दुसऱ्या बसने. त्यांनी भरलेली रक्कम आमच्यापेक्षा फार अधिक नव्हती. टूर मॅनेजरला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘पाहा, तिकडची रीतच तशी हाय, मले जे सांगितलं ते म्या केलं.’

गावी परतल्यानंतर जे घडले, ते मला पॅरिसमधल्या प्रकारापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. बागेत झाडावरचा माल न दाखवता कोणी सौदा केला असता, तर याच लोकांनी व्यापाऱ्याला बाजारात उभे केले असते. येथे मात्र सगळे गप्प बसले. तक्रार करायची म्हणजे ठाण्यात किंवा वकिलापुढे आधी हे सांगावे लागणार, की आम्ही बायकोला घेऊन कॅबरे पाहायला गेलो होतो. एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, ‘सेक्रेटरीसाहेब, पैसे गेले त गेले, आता इज्जत कायले घालवता?’ हरिपाठाला बसणारे लोक, सुना-नातवंडांची घरे, गावात होणारी चर्चा, या सर्वांचा विचार त्यांच्या बोलण्यात होता आणि तो मी समजू शकतो. माझे मत असे झाले आहे, की एजंटने हीच एक ओळ रोखीत ठेवली ती योगायोगाने नव्हे. लूव्हर संग्रहालयाच्या तिकिटात फसवले असते तर लोकांनी चारचौघांत ओरड केली असती. कॅबरेच्या तिकिटात फसवले की लोक आपणच दार लावून घेतात. शहरदर्शन आणि शो यांची एकच किंमत लावण्याचाही हाच उपयोग. एकाची तक्रार केली की दुसऱ्याचा उल्लेख येतो.

ही कोंडी फोडली ती ज्या काकूंना तिथे घाम फुटला होता त्यांनी. त्या अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या आहेत. महिला बचत गटाच्या बैठकीत त्यांनी सगळे सांगून टाकले. कोणीतरी हसले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हसाले काय झालं? पैसे आमचे गेले, अन् मान खाली आमीच घालाची का?’ त्यानंतर काही जोडप्यांनी सही करण्याची तयारी दाखवली. सर्वांनी नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही एजंटला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. त्याच्या वकिलाचे उत्तर आले, की गटाला मुलाँ रूज येथेच नेले होते, आतील छायाचित्रण मना असल्यामुळे बाहेरून त्या सायंकाळी काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. फोटोंत लाल पवनचक्की होती, तिची चारही पाती होती आणि दर्शनी भागावरचे नाव पूर्ण होते. आता, ती पाती २५ एप्रिल २०२४ च्या पहाटे कोसळली होती आणि त्यांच्यासोबत नावाची पहिली तीन अक्षरेही खाली आली होती. नवीन पाती ५ जुलै २०२४ रोजी बसवण्यात आली. जूनमध्ये त्या इमारतीवर पाती नव्हतीच. बस तेथून गेली तेव्हा आमच्यातील एकाने काचेतून घेतलेल्या फोटोत पवनचक्कीचा नुसता बुंधा दिसतो. एजंटने जोडलेले फोटो केव्हाचे आणि कोणाचे, याचा खुलासा त्याने अद्याप केलेला नाही.

या प्रकारच्या संध्याकाळीचे पैसे कोणी मागत असेल, तर थिएटरचे नाव, तारीख आणि खेळाची वेळ असलेले आरक्षण सहल निघण्यापूर्वी हातात मागावे, बोटीचे वेगळे मागावे आणि ती रक्कम मुख्य पॅकेजच्या बिलातच दाखवायला सांगावे, म्हणजे तिच्यावर जीएसटी आणि टीसीएस लागतो आणि ती रक्कम आयकराच्या नोंदीत येते. थोडा कर द्यावा लागतो, पण रोखीत दिलेल्या पैशांचा मागमूस राहत नाही त्यापेक्षा ते स्वस्त आहे. एजंटने ‘तिकडे गेल्यावर देतो’ असे म्हटले, तर ती ओळ खोडून टाकावी आणि आपले पैसे आपल्याजवळ ठेवावेत. कॅबरे पाहायचाच असेल तर थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मुलांकडून आरक्षण करून घेता येते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ज्यांची फसवणूक झालेली आहे, त्यांनी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर प्रथम नोंद करावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, एजंटचे कार्यालय मुंबईला असले तरीही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि एकाच प्रकारे फसवले गेलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. आमची तक्रार अमरावतीच्या आयोगापुढे आहे. एजंट सध्या सही न केलेल्या जोडप्यांकडे जाऊन अर्धे पैसे परत देऊ करतो आणि बदल्यात ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून मागतो. दोघांनी लिहून दिले आहे. उरलेल्यांनी तसे लिहून देण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे, की तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षांची असते आणि आमच्या सहलीपुरती ती जून २०२६ मध्ये संपते.