कुमसार की घरची प्रार्थना: क्षमेची खात्री कुठे मिळते?

माझा जन्म सावंतवाडीकडच्या कॅथलिक घरातला, बायको प्रॉटेस्टंट मंडळीतली. लग्नानंतर सात-आठ वर्षं मी तिच्याबरोबर उपासनेला जात होतो, पापांची क्षमा तिच्यासारखीच घरी थेट देवाकडे मागत होतो आणि कुमसार, म्हणजे चर्चमध्ये फादरांपुढे पापं सांगून क्षमा घेणं, जवळजवळ सुटलंच होतं. त्यामुळे दोन्ही वाटा पायाखालच्या आहेत. क्षमा ख्रिस्तामुळेच मिळते, यावर दोन्हीकडे दुमत नाही. प्रश्न आहे तो मनाला ती मिळाल्याची खात्री कशी पटते, हा.

माझं ओझं साधंच होतं. वडील गेल्यावर बहिणीला म्हटलं, "नुसती सही कर, सातबारा सरळ करायचाय." ते कलमांच्या बागेचं हक्कसोडपत्र होतं. तिने वाचलंही नाही.

घरच्या प्रार्थनेचा आधार भक्कम आहे. बायबलातल्या योहानाच्या पहिल्या पत्राप्रमाणे आपण पापं पदरी घेतली तर देव क्षमा करतो, कारण तो विश्वसनीय आणि न्यायी आहे. म्हणजे खात्री आपल्या रडण्यावर नाही, त्याच्या शब्दावर. बायकोला तेवढं वचन पुरतं. रात्री गुडघे टेकते आणि सकाळी खरोखर मोकळी असते, हे मी रोज पाहतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला, पण मनाला शांती बऱ्याच वर्षांनी मिळाली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तीही कोणा पाद्र्यासमोरच्या कबुलीतून नव्हे. त्यामुळे ही वाट कमी प्रतीची आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही.

मला मात्र एका गोष्टीने फार छळलं. तेच पाप, तीच कबुली, रोज रात्री. बायबलातला मीखा संदेष्टा म्हणतो, देव आमची पापं समुद्राच्या डोहात टाकतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला डोह आणि काठ यांतला फरक सांगावा लागत नाही. काठावरून भिरकावलेलं सगळं आषाढात उधाणाबरोबर परत येतं, फाटकं जाळं, एकेक चप्पल, बाटल्या. माझं पाप तसं परत येई. कबूल करणारा मी, पश्चात्ताप पुरेसा आहे का हे तोलणारा मी आणि "झालं, आता झोप" म्हणणाराही मीच. गाऱ्हाणं घालतात तेव्हा "व्हय महाराजा" दुसऱ्याच्या तोंडून यावं लागतं. इथे ते येतच नव्हतं.

शेवटी ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात कुमसाराला गेलो. लाकडी जाळीपलीकडे फादरांचा फक्त कान आणि चष्म्याची काडी दिसत होती. माझं सांगून झाल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग हळूच म्हणाले, "भयणीक सांगलंस?" इतक्या वर्षांच्या प्रार्थनेत हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. घेतलेलं परत करायचं कबूल करून घेतलं आणि मग पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने त्यांनी क्षमा उच्चारली. त्यातला "तुला" हा शब्द माझ्यासाठी होता. त्या रात्री मी ते पाप पुन्हा उकरलं नाही. नंतरही नाही.

त्रास इथेही आहे. काही सांगायचं राहिलं का, ही धास्ती घरी येईपर्यंत पाठ सोडत नाही. प्रामाणिकपणे विसरलेलं पापही क्षमेत येतं, ही चर्चची शिकवण ठाऊक असूनही. फादर ओळखीचे असले की जीभ अडते, पण कुमसारातलं एक अक्षरही बाहेर काढायची त्यांना मुभा नाही. तरी जड वाटलं तर दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जावं.

प्रॉटेस्टंट वाचकांना एवढंच सुचवेन की प्रॉटेस्टंट वाट सुरू करणाऱ्या लूथरच्या लोकांनीही 1530च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनात, खासगी क्षमावचन ठेवलं होतं, पापांची पूर्ण यादी देण्याची सक्ती तेवढी काढली. एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं बायबलात याकोबही म्हणतो. पाळकसाहेबांना गाठून एकदा मोठ्याने सांगून पाहा. वचनाने रात्री झोप लागत असेल तर मात्र काही बदलू नका.

बहिणीच्या हिश्शाचं बक्षीसपत्र गेल्या वर्षी नोंदलं. या वेळी तिने कागद शेवटपर्यंत वाचला, मग सही केली.